पंगतीतला शेजार

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आत्या साताऱ्याहून आली. आल्या आल्या तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत शेतातले दाणे, भाजून, सालं काढून, पाखडून आणलेले. मी तो डबा उघडू दिला नाही. तसाच घेऊन जिना उतरले, खाली वॉचमनकाकांच्या घरी देऊन आले आणि वर येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. आत्या सोफ्यावर बसून सगळं बघत होती.

"आपल्या रानातले होते गं," एवढंच म्हणाली.

माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. आत्याला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि उमगणं वेगळं, आणि त्याला थोडी आपली भाषाही कारण आहे असं मला वाटतं. मराठीत आपण 'वावडं' म्हणतो. कुणाला वांग्याचं वावडं, कुणाला मुळ्याचं, कुणाला पाहुण्यांचं. आवडत नाही, सोसत नाही, चालत नाही आणि जीव घेतं, सगळ्याला एकच शब्द. "याला दाण्याचं वावडं आहे," असं मी शाळेत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाई प्रेमाने म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं खायला शिकेल हो तो!" त्या दिवशी मी तो शब्द टाकला.

रात्री मुलगा झोपल्यावर आम्ही दोघी लाडू वळायला बसलो. तीळ, चिक्कीचा गूळ, सुकं खोबरं, आणि दाण्याच्या कुटाऐवजी डाळ्याचं कूट. तीळ त्याला चालतात, तपासून घेतलंय. दरवर्षी मी त्याच्या अख्ख्या वर्गाला पुरतील एवढे लाडू करते, म्हणजे त्या एका दिवशी तरी तो सगळ्यांसारखा हात पुढे करू शकतो.

आत्याने चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांत शिकवलं, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. ओट्यावर माझा अर्ज पडला होता, पुढच्या आठवड्यात पालकसभेत द्यायचा. तिने चष्मा लावून तो वाचला. 'शाळेच्या आवारात शेंगदाणा व शेंगदाण्याचे पदार्थ आणण्यास पूर्ण बंदी करावी, ही नम्र विनंती.' खाली सतरा पालकांच्या सह्या.

"माझ्या टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता," ती म्हणाली.

"का?"

"डबे तपासायला कोण उभं राहणार?"

"बाई बघतील. मावशी बघतील."

"आणि काय काय बघतील? माझ्या शाळेत निम्म्या पोरांचा डबा म्हणजे फडक्यात बांधलेली भाकरी आणि दाण्याची चटणी. दाणा हेच त्यांचं दूध, तेच अंडं, तेच काजू. तुझ्या शाळेतही गरिबांसाठी राखीव पंचवीस टक्क्यांतून आलेली पोरं असतीलच की. त्यांच्या आया सकाळी सहाला कामाला बाहेर पडतात. पोळीला चटणी लावून, गुंडाळी करून देतात. ती पोळी गेटवर काढून घेणार? आणि एकदा शाळेने डब्यात हात घातला की कुणाच्या डब्यात अंडं निघेल, कुणाच्या सुकट. मग त्याच्यावरही कुणी तरी अर्ज करील. आपल्याकडे डब्यात काय आहे हे विचारणं म्हणजे जात विचारणं असतं, पोरी."

सुकटीपर्यंत माझा विचार पोचला नव्हता. पण मी हटले नाही.

"चार तास दाण्याशिवाय काढायला सांगतेय मी, आत्या. एका मुलाच्या जिवासाठी चार तास."

"जिवाला मी कुठे नाही म्हणतेय? मी तुझ्या पद्धतीला नाही म्हणतेय." ती थोडी थांबली. "तुझे आजोबा, तात्या, कुठे शिकले?"

हा प्रश्न आमच्या घरात शंभर वेळा विचारला गेलाय आणि उत्तर सगळ्यांना पाठ आहे. साताऱ्याला, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात. भाऊरावांनी ते १९२४ साली काढलं. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि बोर्डिंगाला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. स्पृश्य, अस्पृश्य, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका चुलीवरचं एका पंगतीत जेवत. कोठीतलं धान्य संपलं आणि पैसे नव्हते, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं. त्या काळात पोरांना एका वर्गात बसवणं एक वेळ जमत होतं. एका पंगतीला बसवणं हे खरं अवघड काम होतं.

"तात्या सांगायचे, पहिल्या दिवशी घास घशाखाली उतरेना. महिन्याभराने शेजारच्याच्या ताटातलं उचलून खायला लागले. मी आयुष्यभर मधल्या सुट्टीत पोरांना एकच सांगितलं, गोल करून बसा आणि वाटून खा. तुमच्या शाळांतून आता पाट्या लागतात, डबा वाटून खाऊ नये." ती माझ्याकडे वळली. "सोन्याला कुठे बसवतात?"

बाईंच्या टेबलाशेजारी. एकटा. गेली दोन वर्षं. मीच तशी मागणी केली होती. मी हे सांगितलं तेव्हा आत्या काही बोलली नाही, हातातला लाडू मात्र जरुरीपेक्षा जास्त दाबला गेला.

"वेगळी पंगत," ती म्हणाली.

त्या शब्दाने मला आतून हलवलं आणि म्हणूनच मी चिडले. "आत्या, ती पंगत खोट्या भीतीने मोडली होती. शेजारच्याच्या ताटातलं खाऊन तात्यांना काही होणार नव्हतं. इथली भीती खरी आहे. तू ते पाहिलेलं नाहीस."

मग मी तिला सांगितलं, जे फोनवर पाच वर्षांत कधी नीट सांगितलं नव्हतं. मुलगा दोन वर्षांचा. चतुर्थीचा दिवस, शेजारी साबुदाण्याची खिचडी, एक घास. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. सगळे म्हणाले, पित्त उठलंय. मीही तेच म्हणाले. आमसूल भिजवून त्याच्या अंगाला लावलं, ते पाणी पाजलं. घरात अ‍ॅलर्जीचं पातळ औषध होतं, तेही दिलं. गांधी थोड्या बसल्यासारख्या वाटल्या आणि मी सुस्कारा सोडला. पंधरा-वीस मिनिटांनी तो खोकायला लागला, मग छाती वाजायला लागली, मग रडणं थांबलं. ते रडणं थांबलं तेव्हा मला वाटलं, झोप लागली. रिक्षात त्याची मान माझ्या खांद्यावर टिकेना. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी नाव-गाव काही न विचारता मांडीत एक इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत त्याने डोळे उघडले.

ते इंजेक्शन अ‍ॅड्रेनालिनचं. अंगावर उठलेलं पित्त आमसुलाने शमतं म्हणतात, खाज गोळीने कमी होते. पण या प्रकारात शरीरभर रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, श्वासनळ्या आवळतात, रक्तदाब कोसळतो. हे उलटं फिरवणारं औषध एकच. गोळी खाज घालवते, म्हणजे आपल्याला दिसणारं लक्षण घालवते, आणि आत चाललेलं तसंच चालू राहतं. गांधी बसल्या म्हणून मी जो सुस्कारा सोडला, त्याची मला आजही भीती वाटते. 'पित्त उठलं' हे दोन शब्द आपल्याकडे प्रत्येक आजीच्या, प्रत्येक बाईंच्या तोंडात तयार असतात, आणि शाळेत पहिली दहा मिनिटं त्यांच्यातच जातात.

आत्याने हात पुसले. "अगं, पण आमच्या वेळी हे नव्हतंच. उष्टावणानंतर आम्ही पोरांना सगळं चाटवायचो. थोडं थोडं पोटात गेलं की सवय होते."

यातलं अर्धं खरं आहे आणि ते मान्य करणं माझ्यावर जड जातं. एक काळ असा होता की ब्रिटन-अमेरिकेतले तज्ज्ञच सांगत होते, धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. त्याच सुमारास इस्रायलमधली बाळं दाण्याची कुरकुरीत फुलं खाऊन मोठी होत होती आणि त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी लंडनच्या ज्यू मुलांच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा होती. त्यावरून लंडनच्या गिडियन लॅक यांनी ६४० बाळांवर अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. चार ते अकरा महिन्यांच्या वयात ज्यांना नेमाने दाणा द्यायला सुरुवात केली, त्यांच्यात पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. माझा मुलगा २०१८ चा. मी तो जुना सल्ला कुठेसा वाचून वर्ष-दीड वर्ष त्याला दाणा दाखवला नव्हता. दिला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी रात्री कितीदा विचारला असेल.

"म्हणजे मी बरोबर," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता.

"अ‍ॅलर्जी व्हायच्या आधी बरोबर. झाल्यावर नाही. आता थोडं थोडं द्यायचं तर ते मिलिग्रॅममध्ये मोजून, डॉक्टरांच्या समोर, महिनोन् महिने. ते घरात साध्या चमच्याने व्हायचं काम नाही. शाळेत कुणी प्रेमाने सवय लावायला गेलं तर तो मरेल, आत्या." मी हा शब्द पहिल्यांदाच तिच्यासमोर उच्चारला.

बराच वेळ फक्त गुळाच्या पातेल्यात उलथनं फिरल्याचा आवाज होता.

"बरं," ती म्हणाली. "बंदी घालूनसुद्धा कुणाच्या तरी खिशात चिक्की निघेलच. मग काय करशील?"

आणि इथे मला प्रामाणिक राहायचं होतं, कारण यावरचा अभ्यास माझ्याकडेच होता. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात काही शाळा स्वतःला शेंगदाणामुक्त म्हणवतात. तिथल्या शाळांत किती मुलांना अ‍ॅड्रेनालिन टोचावं लागलं, याचा हिशोब २०१७ साली प्रसिद्ध झाला. बंदी असलेल्या शाळांत ते प्रमाण कमी नव्हतं. बंदीने पालक निर्धास्त होतात, शिक्षक निर्धास्त होतात, आणि निर्धास्त माणसाच्या हाताशी औषध नसतं; हा माझा अंदाज, त्या अभ्यासाचं म्हणणं नव्हे. वासाची भीतीही मी वर्षानुवर्षं बाळगली. शेजारच्या बाकावर कुणी दाणे खाल्ले तरी याला होईल, म्हणून मी बाक बदलून घेतलेत. पण तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या तीस मुलांच्या नाकासमोर दहा मिनिटं पीनट बटर धरून डॉक्टरांनी पाहिलंय. एकालाही धाप लागली नाही. धोका नाकातून क्वचित, तोंडातून नेहमी. हात तोंडाकडे जातो, म्हणून हातातून.

"मग हात धुवा की," आत्या पटकन म्हणाली. "मी जेवायच्या आधी आणि नंतर रांगेने हात धुवायला लावायची. हापशावर. राखेने, मग साबण आला तेव्हा साबणाने."

"आता शाळेत भिंतीवर सॅनिटायझर आहे."

"चालतं का ते?"

नाही चालत, आणि हे फार थोड्या शाळांना ठाऊक आहे. सॅनिटायझर जंतू मारतो, दाण्याचं प्रथिन जंतू नाही. ते हातावर तसंच राहतं, फक्त पसरतं. साबणपाण्याने जातं, हे २००४ सालीच तपासून झालंय. माझ्या अर्जात साबणाचा उल्लेख नव्हता. आत्याने पेन मागितलं. शिक्षिकेची सवय, लाल आहे का म्हणून विचारलं. निळं होतं. अर्जावर तिने एक आडवी रेघ मारली आणि कडेला लिहिलं, 'साबण. नळाला पाणी.'

"पण त्या मॅसेच्युसेट्सच्या अभ्यासात आणखी एक होतं," मी म्हणाले. मला हे सांगावंसं वाटत नव्हतं. "ज्या शाळांत दाणा नसलेलं वेगळं टेबल होतं, तिथे टोचायची वेळ कमी आली."

"म्हणजे वेगळी पंगत बरोबर?"

"आकडे तसं सांगतात."

ती उठून खिडकीशी गेली. सहभोजनांनी ज्यांना घडवलं त्यांच्या घरातली ही बाई. झुणका-भाकरीच्या सहभोजनांतून जातीच्या भिंती पाडणाऱ्या समतानंद गद्र्यांच्या गोष्टी तिने मला अंगाईसारख्या सांगितल्या होत्या. तिला मी आकड्यांच्या जोरावर सांगत होते की पोराला बाजूला बसवणं शहाणपणाचं आहे. मला स्वतःला ते पटत होतं का? त्याला शाळेतून आणताना तो एकदा म्हणाला होता, "आई, माझ्या डब्याचा वास कुणालाच माहीत नाही." त्या वाक्यानंतरही मी त्याला तिथेच बसवलं होतं. जिवंत राहण्यापुढे एकटेपणा किरकोळ, असं स्वतःला समजावत.

आत्या परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा वर्गातला होता. "टेबल वेगळं म्हणजे काय? टेबलावर दाणा नाही एवढंच ना? मग पोरगं कशाला हलवायचं? त्याची जागा पंगतीत मधेच. सुट्टी झाली की बाईंनी विचारायचं, आज कुणाच्या डब्यात दाणा नाही? कुठल्याच रूपात नाही, चटणी नाही, कूट नाही, चिक्की नाही. जे हात वर करतील ते त्याच्या दोन बाजूंना आणि समोर. उद्या दुसरे. बाकीच्यांचे डबे कुणी उघडून बघायचे नाहीत. कुणाला काही लपवायला नको, कुणाची पोळी काढून घ्यायला नको. पंगत तीच, शेजार रोज नवा."

"आणि हात वर केलेल्याने खोटं सांगितलं तर? किंवा त्याला ठाऊकच नसलं, आईने कोशिंबिरीत कूट घातलंय ते?"

"वाटून खायचं नाही. तेवढं मी मान्य केलं." हे तिला किती जड गेलं ते मला कळलं. "त्याच्या डब्यातलं त्याने द्यावं, दुसऱ्याचं घेऊ नये. देणारा तर होऊ दे त्याला."

मला हे पूर्ण पटलेलं नाही. दुसरीतल्या मुलाचा हात वर होणं हा काही पुरावा नव्हे, आणि घाण्याच्या तेलापासून फरसाणापर्यंत दाणा कुठे कुठे असतो हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. पाकीटबंद खाण्यावर शेंगदाण्याची नोंद करणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे, पण स्वीटमार्टमधून कागदात बांधून आणलेल्या चिवड्याला कसलं लेबल? तरीही दोन वर्षं टेबलाशेजारी बसलेल्या माझ्या मुलासाठी ही जागा बरी आहे, हे मी त्या रात्री कबूल केलं. अर्जावर दुसरी रेघ पडली. सतरा सह्यांवरही. त्या पालकांना मला परत भेटावं लागणार.

खरं भांडण पुढेच होतं.

"बंदी नको, टेबल नको. मग मला एकच हवंय," मी म्हणाले. "त्याच्या वर्गाच्या बाईंनी त्याला इंजेक्शन टोचायचं. डॉक्टरची वाट न बघता, मला फोन करायच्या आधी."

"शक्य नाही."

"का शक्य नाही?"

"कारण मी बाई होते." तिचा आवाज चढला. "जनगणना आम्ही करायची, निवडणुका आम्ही, खिचडीचा हिशोब आम्ही, गोवराच्या लशीची पोरं गोळा आम्ही करायची. आता सुईसुद्धा आम्हीच टोचायची? आणि पोराला काही झालं तर? गाव काय म्हणेल, बाईने टोचलं आणि पोरगं गेलं. कोण उभं राहणार तिच्या पाठीशी? तू राहशील?"

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही आणि मी ते दिलंही नाही. मी तिला एका मुलीची गोष्ट सांगितली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सब्रीना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी होती. दूध, दाणे, सोया, सगळ्याची अ‍ॅलर्जी. सप्टेंबर २००३ मध्ये तिने शाळेच्या कॅन्टीनमधून बटाट्याचे तळलेले काप घेतले, विचारून घेतले. ज्या चिमट्याने ते वाढले त्यालाच बहुतेक चीज लागलेलं होतं. तिला धाप लागली तेव्हा सगळ्यांना, तिला स्वतःलाही, दमा वाटला. ती चालत ऑफिसात गेली. औषधाचं पेन तिच्या लॉकरमध्ये होतं. कुणी तरी ते आणायला धावलं, तोवर ती कोसळली होती. तिच्या आईने नंतर जो लढा दिला त्यातून २००५ साली ओंटारिओत तिच्या नावाचा कायदा झाला. त्यात दाण्यावर बंदी नाही. प्रत्येक मुलाची लेखी योजना, शिक्षकांना नियमित प्रशिक्षण, आणि शिक्षकाने सद्भावनेने औषध टोचलं तर त्याच्यावर दावा लावता येणार नाही अशी तरतूद आहे.

"म्हणजे कायद्याने बाईला पाठीशी घातलं," आत्या हळूच म्हणाली.

"आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणून मला तुझ्यासारख्या मुख्याध्यापिका पाठीशी हव्यात."

मग मी तिला तेरा मुलांचा हिशोब सांगितला. १९९२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तो लिहिला, आणि या विषयात इतका छोटा आणि इतका कठोर कागद मी दुसरा वाचलेला नाही. तेरा मुलं, सगळ्यांना आपली अ‍ॅलर्जी माहीत होती, बारांना दमाही होता, सगळ्यांनी नकळत खाल्लं. बिस्कीट, गोळी, केक. सात वाचली, सहा गेली. वाचलेल्या सातपैकी सहांना अर्ध्या तासात अ‍ॅड्रेनालिन मिळालं होतं. गेलेल्या सहांपैकी दोघांनाच पहिल्या तासात मिळालं. गेलेल्यांपैकी चौघं शाळेत होती.

"अर्धा तास," आत्या म्हणाली. ती मनात तिची शाळा मोजत होती, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा घाट मोजत होती. १०८ ला फोन केला तरी गाडी यायला किती, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "अर्ध्या तासात आमच्याकडे एसटीसुद्धा येत नाही."

"आणि टोचायची गरज नसताना टोचलं गेलं, तर धडधाकट मुलाला काय होतं? छातीत धडधड, हात थरथर, चेहरा पांढरा. थोड्या वेळात ओसरतं. गरज असताना टोचलं नाही, तर मी सांगितलंय काय होतं ते. बाईने कुठल्या चुकीला भ्यायचं?"

ती बोलली नाही.

"आणखी एक. त्याला चालवायचं नाही. आपण शाळेत काय करतो? पोराला बरं वाटेना की दोन पोरं बरोबर देऊन ऑफिसात पाठवतो. या पोराला आहे तिथे आडवं करायचं, पाय वर. धाप असेल तर पाय पसरून टेकवून बसवायचं. उभं करायचं नाही, उभं केल्याने हृदयाला रक्त पोचत नाही. औषध पोराकडे जातं, पोर औषधाकडे जात नाही."

आत्याने तिसरी ओळ लिहिली. मग अचानक म्हणाली, "माझ्या वर्गात एक मुलगी होती, फिट यायची तिला. आई म्हणाली, बाई, कुणाला सांगू नका, लग्न जमायचं नाही. मी महिनाभर नाही सांगितलं. मग एकदा वर्गात आली फिट आणि चाळीस पोरं बाकांवर चढून किंचाळायला लागली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना समजावून सांगितलं. पुढच्या वेळी मी वर्गात नव्हते. पोरांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दप्तर ठेवलं, दोघं मला शोधत आली. पाचवीची पोरं." ती माझ्याकडे बघत होती. "तू सोन्याच्या वर्गाला सांगितलंयस?"

नव्हतं सांगितलं. त्याला नाव पडेल, दाण्या म्हणून चिडवतील, म्हणून. बाईंना बजावलं होतं, मुलांना कळू देऊ नका. लंडनच्या एका शाळेत २०१७ साली तेरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर वर्गमित्राने मधल्या सुट्टीत चीजचा तुकडा टाकला. त्याला दुधाची अ‍ॅलर्जी होती, तो दगावला. शाळेत त्याचं जे औषधाचं पेन होतं त्याची मुदत संपलेली होती. टाकणाऱ्या मुलाला वाटलं होतं, फार तर पुरळ येईल. ही बातमी मी कितीदा वाचली होती, आणि तरी माझ्या मुलाच्या चाळीस वर्गमित्रांना मी त्याच अंधारात ठेवलं होतं.

"तीळगूळ वाटताना सांग," आत्या म्हणाली. "मी येते बरोबर."

मध्यरात्र होत आली होती. मी कपाटातून निळी पेटी काढली. परदेशातलं मांडीवर दाबायचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. मागवलं तर काही हजार रुपये पडतात आणि वर्ष-दीड वर्षात बाद होतं. आमच्याकडे आहे ती काचेची अँप्यूल, वडापावाच्या किमतीची, आणि एक मिलीची सिरिंज. मुलाचं वजन बावीस किलो, डॉक्टरांनी पेटीच्या झाकणावर लिहून दिलंय: ०.२ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. सरावासाठी त्यांनी नुसत्या पाण्याच्या अँप्यूल दिल्यात. कॅनडात एकदा अशाच अँप्यूलवर आईबापांची वेळ मोजली होती. औषध भरायलाच त्यांना सरासरी १४२ सेकंद लागले आणि कुणाच्या सिरिंजमध्ये किती औषध आलं यात चाळीस पटींचा फरक. अपघात विभागातल्या नर्सना २९ सेकंद लागले होते. फरक हातांचा नव्हता, सरावाचा होता.

"दे इकडे," आत्या म्हणाली.

मी फळांच्या टोपलीतून एक संत्रं काढून तिच्यासमोर ठेवलं आणि मोबाईलवर घड्याळ लावलं. पहिल्या वेळी अँप्यूलची मान वाकडी तुटली, तिने पदराने बोट दाबून धरलं. तीन मिनिटं चाळीस. दुसऱ्या वेळी मान कापसात धरून नीट तुटली, पण सिरिंजमध्ये हवा आली. दोन मिनिटं पन्नास. तिसऱ्या वेळी चष्मा घसरला, तिने तो नाकावर ढकलला नाही, काम पुरं केलं. दोन मिनिटं पाच.

"पुन्हा," तिने चौथी अँप्यूल उचलली.

पाणी प्यायला उठलेला मुलगा दारात उभा होता. संत्र्याकडे बघून त्याला काही विशेष वाटलं नाही. त्याने मला हे करताना पाहिलंय. तो येऊन आत्याच्या शेजारी स्टुलावर बसला आणि उजवा पाय पुढे केला.

"आत्याआजी, संत्र्याला मांडी नसते," तो म्हणाला. "इथे. बाहेरच्या बाजूला."

तिने सुई दूर ठेवली आणि अंगठा त्याच्या पायजम्यावर टेकवला. "इथे?"

"थोडं खाली. हां."

"कपड्यावरून चालतं?"

"चालतं. आणि मला उभं नाही करायचं."